युनूसभाईंचा आठवा रकाना

सोमवार, चार नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा. स्थळ: अंबाजोगाईतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एमआरआय विभागाची बाहेरची खोली. हजर: रेडिओलॉजिस्ट वैजयंती मॅडम, दोन सिस्टर, वॉचमन तुकाराम, ट्रस्टचे सचिव, सचिवांनी सोबत आणलेले दोन पाहुणे आणि नोंदी ठेवणारी मी. शाल, श्रीफळ, हार आणि दोन किलो पेढे, तेही हजर. गैरहजर: युनूस बागवान, एमआरआय तंत्रज्ञ. निरोप समारंभ त्यांचाच होता.

सचिवांनी तीनदा घड्याळ पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, फोन लावा त्यांना." मी लावला. तो त्यांच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये वाजला.

"साडेसातला आलते," तुकाराम म्हणाला. "तुमचं ते मोठं रजिस्टर उघडून बसले. मंग एकदम उठले अन् 'आलोच' म्हनून गेले."

युनूसभाईंचं 'आलोच' म्हणजे किती, हे नऊ वर्षांत मला पाठ झालं होतं. कमीत कमी पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त दोन तालुके. मी रजिस्टर उघडलं. एका नावाभोवती पेन्सिलीनं गोल केला होता आणि पुढं लिहिलं होतं, 'वर्षाचा दुसरा फोटो बाकी'. मी सिस्टरना सांगितलं, "पेढे झाकून ठेवा. दोनच्या आत काही ते येत नाहीत."

युनूसभाई उंच, वाळके, कायम पांढऱ्या फुलशर्टात. शर्टाला प्लास्टिकची बटणं, पँटला नाडी, चष्म्याची काडीही प्लास्टिकची. एमआरआयचं यंत्र म्हणजे खोलीएवढं लोहचुंबक. ते बंद नसतंच कधी, आणि लोखंडाची वस्तू जवळ गेली तर ओढूनच घेतं. सकाळी आल्या आल्या ते घड्याळ, किल्ल्या आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकत, ते संध्याकाळपर्यंत. "ह्या खोलीत खिसा रिकामा अन् डोकं भरलेलं पायजे," म्हणत. "लोक उलटं करून येतात."

पेशंटचे खिसे रिकामे करण्यासाठी त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. त्यात काय काय पडायचं त्याची यादी मी एकदा गंमत म्हणून केली होती: अडकित्ते, चुन्याच्या डब्या, विळ्याची मूठ, पंपाची किल्ली, जोडवी, आकडे, पिना, सरपंचाचा बिल्ला. पुरुष लवकर रिकामे होत. अडायचं ते मंगळसूत्रापाशी.

केजकडच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला चालताना धाप लागायची. सासूबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "मंगळसूत्र काढायचं न्हाई. नवरा जित्ता हाय तिचा."

"जित्ता हाय हे लई चांगलं झालं," युनूसभाई म्हणाले. "कुठं हाय? बलवा की त्याला."

बाहेर झाडाखाली बसलेला नवरा आला. युनूसभाईंनी ड्रॉवरमधून हळदीत भिजवून वाळवलेला एक दोरा काढला, मध्ये हळकुंड बांधलेलं. "हे बांध तुझ्या हातानं. तासाभराचं काम हाय. मंगळसूत्र तवर तुझ्याच खिशात ऱ्हाऊ दे."

सासूबाईंनी दोरा हातात घेऊन हुंगला. "कुणी केला ह्यो?"

"आमच्या घरच्यांनी. हळद तुमच्याच बाजारातली हाय मावशी, बिनघोर बांधा."

"हळद चांगली हाय," सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या दुकानातून घेती तुमची बाई?"

जाताना त्या दोन दोरे जास्तीचे मागून घेऊन गेल्या. शकीलाभाभी महिन्याला वीस-पंचवीस दोरे करून देत. ती माझ्या सामानाच्या यादीत कायमची नोंद होती: सुया, कापूस, हळदीचे दोरे.

दुसरी त्यांची खासियत म्हणजे श्वासाची तालीम. हृदय धडधडत असतानाच त्याचा फोटो काढायचा असतो. त्याला थांबवता येत नाही. निदान छाती तरी हलू नये म्हणून पेशंटनं प्रत्येक फोटोला दहा-बारा सेकंद श्वास रोखायचा, असं तीस-चाळीस वेळा. दुसरीकडे म्हणे पेशंटला आत घालून मग सांगतात. युनूसभाई बाहेरच्या बाकावर आधी शिकवत. "घ्या. सोडा. अन् आता थांबा." मग ते डावा हात वर करून बोटं मोजत. हात खाली आला की श्वास घ्यायचा.

एका मामांना सात बोटांपलीकडं जमेना. ते चिडले. "कावून जीव घेतोस बे माझा?"

"जीव घ्यायचा असता तर मोजत बसलो असतो का मामा? पोहता येतं का न्हाई?"

"इहिरीत वाढलोय मी!"

"मंग तळाचा दगड काढून आणायचा हाय असं समजा. चला, मारा बुडी."

मामांनी चौदा बोटं काढली आणि डोळे उघडून विचारलं, "आणला का दगड?" तेव्हापासून आमच्या विभागात विहीर आली. पोहता न येणाऱ्या बायकांना ते चुलीतला धूर सांगत. फुंकणी मारायच्या आधी श्वास कसा धरता, तसा.

फोटोत काय दिसतं हे सांगायचा अधिकार मॅडमचा. युनूसभाई तो कधी ओलांडत नसत. पण पडद्यावरचं चित्र कसं वाचायचं ते मात्र ते विचारणाऱ्याला सांगत. शिरेतून एक औषध देतात, ते हृदयाच्या चांगल्या मांसात टिकत नाही आणि वाळलेल्या, मेलेल्या भागात रेंगाळतं. म्हणून चांगलं मांस काळं दिसतं आणि डाग पांढरा. "काळं रान म्हंजे चांगलं," ते म्हणत. "मधी चुनखड असंल तर तिथं पीक धरत न्हाई. वरून बघितलं तर सगळं हिरवंच दिसतं. सोनोग्राफीत पंपिंग बरं दिसतं, माणूस म्हनतो मी ठणठणीत हाय. पन चुनखड कुठं हाय अन् किती हाय, ते हे यंत्र सांगतं."

डाग मोठा तर पुढचा धोका मोठा. हृदयाचा ठोका त्या डागापाशी अडखळून भलतीकडे पळू शकतो आणि चालता-बोलता माणूस जागेवर पडू शकतो, असं पुस्तकं सांगतात. मॅडमचं म्हणणं असं की पुस्तकं लांबच्या माणसांची आहेत, आपल्या माणसांचं पुढे काय होतं ते आपणच पाहिलं पाहिजे. म्हणून ज्याच्या हृदयाचा फोटो काढला त्याची पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी चौकशी करायची, असं ठरलं. हे काम माझं होतं. दर शनिवारी फोन, दर शनिवारी नोंद. युनूसभाईंचा त्याच्याशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. तरी शनिवारी डबा खाऊन झाला की ते माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसत.

कारण मी एकदाच विचारलं होतं. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांचा स्टँडजवळ फळांचा गाडा होता. सीताफळाच्या दिवसांत ते फळ हातात घेत, सालीवरच्या डोळ्यांवर अंगठा फिरवत आणि गिऱ्हाइकाला सांगत: हे आज संध्याकाळी खा, हे उद्या, हे परवा. "तेवढं तर सगळेच बागवान सांगतात," युनूसभाई म्हणाले. "आमचे अब्बा तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला विचारायचे, पिकलं का? न्हाई पिकलं म्हनला तर वाईट वाटायचं न्हाई त्यांना. ते इचारायचे, कुठल्या बाजूनं कडक ऱ्हायलं? अंदाज सांगणाऱ्यानं परत इचारायला जायला पायजे ताई. न्हाईतर तो नुसता ज्योतिषी."

आमच्याकडच्या माणसांची चौकशी फोनवर करणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. फोन नवऱ्याचा असतो, सिम सहा महिन्यांत बदलतं. माझ्या रजिस्टरात सुरुवातीला सहा रकाने होते: नाव, वय, गाव, फोन, तारीख, शेरा. सातवा युनूसभाईंनी वाढवला. त्यात गिरणीवाल्याचा नंबर. "दळण सगळ्यांनाच लागतं. सोयरीक तुटंल, गिरणी तुटत न्हाई." त्या सातव्या रकान्यानं माझं निम्मं काम वाचवलं.

'संपर्क नाही' हा शेरा मात्र त्यांना चालत नसे. मी लिहिला की त्यांचं बोट त्यावर यायचं. "संपर्क आपला न्हाई. माणूस असतोच कुठंतरी."

मी म्हणायचे, "युनूसभाई, दोनशे नावांत चार-पाच गळणारच."

त्यावर मॅडमच मला म्हणाल्या होत्या, "कोण गळतं ते बघा शोभाताई. जे सापडत नाहीत त्यांतच गेलेले जास्त असू शकतात. ते वगळले तर आपला अंदाज उगाच छान दिसेल."

"तेच म्हनतो मी," युनूसभाई म्हणाले. "तुमची माणसं ताई, कागदावरच ऱ्हातात. कधी उठून बघा."

"माझं काम टेबलावरचं आहे," मी सुनावलं. "फिरणं माझ्या यादीत नाही."

आता आठव्या रकान्याविषयी. चूक माझी होती, म्हणून ती नीट लिहिते.

मंगल नावाची एक बाई, वय बत्तीस, सासर लिंबागणेशजवळच्या वस्तीवर. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं हृदय फुगलं. औषधांनी धाप कमी झाली, ती कामाला लागली, घरचे म्हणाले बरी झाली. एकदा पाण्याचा हंडा घेऊन येताना भोवळ येऊन पडली, तर उपासानं झालं म्हणाले. मॅडमनी एमआरआय केला, तेव्हा हृदयाच्या भिंतीच्या मधोमध लांबलचक पांढरी रेघ दिसली. चार दिवसांनी बोलावलं, ती आली नाही. फोन बंद. सातव्या रकान्यातल्या गिरणीवाल्यानं चौकशी करून सांगितलं, माहेरी गेली, युसूफ वडगावला. मी युसूफ वडगावच्या गिरणीचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "मंगल नावाची लेक आमच्या गावात न्हाई. सगळ्या लेकी मला म्हाईत हायत." आठवडाभरानं पुन्हा विचारलं, तेच उत्तर. मी शेरा मारला, 'पत्ता चुकीचा', आणि पान उलटलं.

चार महिन्यांनी युनूसभाईंचं बोट त्या शेऱ्यावर आलं. त्यांनी तिचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ताई, तुमचं माहेरचं नाव काय?"

"सुलभा," मी म्हणाले. म्हणता म्हणता मला कळलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते माझंही लिहिलं होतं. बावीस वर्षांत माझं माहेरचं नाव मला कुणी विचारलं नव्हतं. मी तरी कुठं कुणाला विचारलं होतं?

"तुमच्या माहेरी जाऊन कुणी शोभाताई इचारल्या तर?"

"कुणी सांगणार नाही."

ते उठले, 'आलोच' म्हणाले आणि लिंबागणेशची गाडी धरून मंगलच्या सासूकडून नाव घेऊन आले. कुशावर्ता. दुसऱ्या दिवशी मी युसूफ वडगावला फोन केला. गिरणीवाला म्हणाला, "कुशी होय? ही काय, समोरच उभी हाय दळण घेऊन."

जिवंत होती. पण चार महिने ती छातीतला तो डाग घेऊन, औषधं बंद करून हिंडत होती. त्या चार महिन्यांत ती पडली असती तर माझ्या रजिस्टरात तिची नोंद 'पत्ता चुकीचा' एवढीच राहिली असती. युनूसभाईंनी पट्टी घेतली आणि दोनशे नावांपुढे आठवा रकाना आखला: माहेरचं नाव. तो भरायला मला पाच शनिवार लागले.

औषधं परत सुरू झाली. मॅडमनी सांगितलं, वर्षानं दुसरा फोटो काढू, डाग वाढतोय का ते बघू आणि मग छातीत यंत्र बसवायचं का ते ठरवू. वर्ष उलटलं. कुशावर्ता फोनवर म्हणायची, येते. पंचमी झाल्यावर येते, गौरी उठल्यावर येते, दिवाळीनंतर येते. आणि दिवाळीनंतर तर टोळ्या निघतात.

चार नोव्हेंबरला सव्वादोन वाजता फाटकाशी जीप थांबली. युनूसभाई उतरले, मागून डोक्यावर पदर घेतलेली कुशावर्ता. सचिव भाषण आटोपून गेले होते, पाहुणे पेढे खाऊन. तुकाराम हार घेऊन धावला.

"ते लांब ठेव," युनूसभाई ओरडले. "हारात तार असती. आधी फोटो!"

शिरेतलं औषध देण्याआधी किडनी ठीक आहे का ते रक्तावरून बघतात, तो रिपोर्ट यायला तासभर होता. कुशावर्ता माझ्यापाशी बसली. मी विचारलं, "आज कशी आलीस?"

"युनूसभाऊ माहेरच्या दारात येऊन बसले. म्हनले, आज माझा कामाचा शेवटचा दिवस हाय, शेवटचा फोटो तुझा. तू न्हाई आलीस तर मी दुसऱ्या कुणाचा काढणार न्हाई. आई म्हनली, जा बाई, मानूस चहाला पन हात लावंना."

मग हळदीचा दोरा, बाकावरची विहीर, आणि ती आत गेली. काचेपलीकडे यंत्राची ठकठक, अलीकडे युनूसभाई माइकवर: "घ्या. सोडा. अन् आता थांबा." ती त्यांना बघू शकत नव्हती, तरी त्यांचा डावा हात वर होता आणि बोटं मोजली जात होती. पस्तीस वेळा. शेवटच्या फोटोला त्यांनी हात खाली आणला आणि म्हणाले, "आणला बग दगड. घे श्वास."

डाग वाढला होता. मॅडमनी तिला पडद्यासमोर बसवून सांगितलं. कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं, ठोका भलतीकडे पळाला तर ते झटका देऊन त्याला ताळ्यावर आणतं. सरकारी योजनेतून होईल, मंजुरीला दोन महिने लागतील, ऑपरेशन संभाजीनगरला.

"तवर मी कारखान्याला गेलेली असंन," कुशावर्ता म्हणाली. "पोरं, मालक, समदेच चाललेत. मी एकटी हितं कुणापाशी ऱ्हाऊ?"

मॅडम म्हणाल्या, "कोयता हातात घ्यायचा नाही. ओझं उचलायचं नाही. हे कबूल?"

"सैपाक करीन नुसता."

मला वाटलं युनूसभाई तिला अडवतील. त्यांनी पेन काढलं. "जा. पन नंबर देऊन जा." मुकादमाचा, ट्रॅक्टरवाल्याचा, कारखान्याच्या फाटकावरच्या चहावाल्याचा. "अन् बलावलं की यायचं. काय?"

"येते भाऊ."

"कुठल्या सणानंतर?"

तिला हसू आलं. "बलावलं की."

संध्याकाळी साडेपाचला मॅडमनी त्यांना शाल घातली. श्रीफळ त्यांनी आधीच कुशावर्ताला देऊन टाकलं होतं. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, फोन, अडकित्ता, सगळं एकदम खिशात घातलं. मी रोज त्यांच्याआधी घरी जायचे, त्यामुळे भरल्या खिशांचे युनूसभाई मी कधी पाहिले नव्हते. ड्रॉवरमधले उरलेले दोरे त्यांनी मोजून माझ्या हातात दिले, सहा. फाटकापर्यंत गेले आणि परत वळून माझ्या खिडकीशी आले.

"ताई, तिचा आठवा रकाना भरलेला हाय ना?"

"दोन वर्षांपूर्वीच भरलाय."

"मंग बरं," ते म्हणाले आणि निघाले. शाल काखेतल्या पिशवीत, किल्ल्यांचा खुळखुळ रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. डिसेंबरात डेंग्यूचं निमित्त झालं. चौदा दिवसांत गेले. शकीलाभाभींना भेटून आले. त्यांनी बोलता बोलता विचारलं, "दोरे संपले का?"

मंजुरीचा कागद मागच्या शुक्रवारी आला. ऑपरेशनची तारीख येत्या गुरुवारची. मुकादमाचा फोन बंद आहे. ट्रॅक्टरवाला टोळी बदलून गेला. टोळीच्या झोपड्या कुठं आहेत विचारलं तर चहावाला म्हणाला, "त्या कोप्या नदीच्या पल्याड हलल्या, नक्की कुठं ते सांगता येत न्हाई." मॅडमनी विचारलं, पत्र पाठवायचं का. मी शेऱ्याच्या रकान्यात 'संपर्क' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग तो शब्द खोडला आणि रजेचा अर्ज लिहिला.

उद्या सकाळी सहाची गाडी. सोबत घ्यायचं: मंजुरीचा कागद, दोन्ही वर्षांचे फोटो, महिन्याची औषधं, हळदीचा दोरा एक. विचारायची नावं: मंगल आणि कुशावर्ता, प्रत्येक कोपीवर दोन्ही.

गुरुवारच्या आत तिला घेऊन येणे: बाकी.